आईच्या पडवीचे खांब: एप्रिल ते जून २०२४ च्या नोंदी

घर गुहागर तालुक्यातलं, समुद्रापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे उतरती पडवी. आई तिथे एकटी असते, मी चिपळूणला शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यानंतर पडवीची पागोळी मधोमध खाली आल्यासारखी दिसू लागली. दिवाळीत वाटलं, नजरेचा भास असेल. होळीला गेले तेव्हा पडवीत शिरताना कपाळ वाशाला लागलं. त्या जागी मी तीस वर्षं सरळ चालत आले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम करायचंच असं तेव्हा ठरवलं. असंच काम कुणाला करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवल्या, चुकाही तशाच लिहिल्या आहेत.

२१ एप्रिल, रविवार

नुसतं मोजमाप. पडवी २४ फूट लांब, ७ फूट रुंद. पुढे पाच खांब, सहा-सहा फुटांवर. गोठ्याच्या बाजूने १ ते ५ असे खडूने नंबर घातले. खांबांवरची तुळई अखंड नाही, बारा फुटांचे दोन तुकडे तिसऱ्या खांबाच्या हस्तावर, म्हणजे माथ्यावरच्या लाकडी आधारावर, येऊन भेटतात.

पहिल्या खांबापासून पाचव्यापर्यंत नायलॉनची दोरी ताणून बांधली आणि तुळई दोरीपासून किती उतरली ते मोजलं. दुसऱ्याजवळ १३ सूत, तिसऱ्याजवळ २२, चौथ्याजवळ १०. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे मध्ये पावणेतीन इंच. दोन्ही तुकड्यांचं टोक तिसऱ्यावरच टेकलेलं, तेव्हा तो खचल्यावर दोन्ही बाजू खाली येणारच. पण चौथ्यापेक्षा दुसरा तीन सूत जास्त खाली आहे, म्हणजे त्याचंही स्वतःचं काही दुखणं असणार.

दुपारी झोपाळा उतरवला. तो पडवीच्या आडव्या तुळईला टांगलेला होता आणि आई त्यावरच बसून भाजी निवडते. मोजताना कुणी झोका घेतला की दोरीजवळची तुळई एका सुताने खालीवर होताना दिसत होती. ते पाहिल्यावर आई काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "पडवी ओकीबोकी दिसते गं."

२७ आणि २८ एप्रिल

खांबांचे पाय उघडले. या दोन दिवसांत जे दिसलं त्याचा विचार अजून मनातून जात नाही.

२०१६ साली पडवीला फरशी मीच घालून दिली. शेणाने सारवायचं काम आईच्या गुडघ्यांना झेपेना म्हणून. फरशी बसवताना प्रत्येक खांबाच्या पायाभोवती सिमेंटची सहा इंच उंच गोट केली, दिसायला नेटकी. पुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉकही तेव्हाच टाकले. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

तिसऱ्या खांबाची गोट छिन्नीने फोडली तर आत ओला काळा भुसा. सुताराची पटाशी मुठीपर्यंत आत गेली. खालचं चौदा इंच लाकूड संपलेलं, वरच्या वजनाने ते चेपत चेपत खाली आलं. पावणेतीन इंच तिथे गेले. दुसऱ्या खांबाचा पाय त्यामानाने बरा, पण वर ठोकून पाहिलं तर साडेतीन-चार फुटांपर्यंत पोकळ आवाज. वाळवी गोटीच्या फटीतून शिरून आतल्या आत वर गेली होती. बाहेरचं कवच तेवढं उभं होतं.

गोटीखाली मूळचे तळखडे, म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड निघाले, काळ्या दगडाचे. त्यांच्या मधोमध खांबाचं कुसू (टोकाला कोरलेला खुंटा) बसायला चौकोनी खळगा आहे. आणि खळग्यापासून दगडाच्या बाहेरच्या कडेपर्यंत बोटभर रुंदीची उतरती खाच. पाचही दगडांना, अंगणाच्या दिशेने. पाणी खळग्यात गेलं तरी त्या खाचेतून बाहेर यावं म्हणून कुणीतरी टाकीने कोरलेली. पाचही खाचा सिमेंटने बुजलेल्या होत्या. मी पैसे देऊन बुजवून घेतल्या होत्या.

पेव्हर ब्लॉकचं दुसरं दुखणं. पडवीचं जोतं मुळात नऊ इंच उंच होतं. ब्लॉक आणि त्याखालची ग्रीट (बारीक खडी) धरून अंगण चार इंच वर आलं. आधी पागोळ्यांचं पाणी मातीत पडायचं आणि जिरायचं. आता ते कठीण ब्लॉकवर आपटून खांबांच्या पायावर उडतं. आई म्हणाली, तिला पावसाळ्यात पडवीची पुढची फूटभर फरशी कायम ओली दिसायची, पण नवीन फरशी अशीच असते असं तिला वाटलं.

याच दिवशी घाईने एक चूक केली. चिपळूणच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे खांबांच्या पायाला लोखंडी बूट करायला टाकले. दोन नग, १,४०० रुपये. कुणाला विचारलं नाही.

२ मे

सुट्टी लागली. सकाळपासून लाकडाच्या मागे. परसात एक फणस वाळत चालला आहे, तोच पाडावा असा पहिला विचार. पण फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत येतात. स्वतःच्या जागेतलं असलं तरी परवानगी लागते, आणि ओलं लाकूड कापून लगेच खांब म्हणून उभं करता येत नाही हे त्याहून मोठं. वाळताना ते पिळतं, फाटतं. एक पावसाळा तरी गेला असता.

सुतारकाकांनी वाट सुचवली. शेजारच्या वाडीत एक जुनं घर उतरवत आहेत, तिथलं लाकूड बघ. किंजळीचे दोन खांब, आठ फुटी, सहा-सहा इंची, आणि तुळईचा एक सात फुटी तुकडा मिळाला. वासाने आणि वजनानेच कळत होतं की लाकूड मुरलेलं आहे. ९,५०० रुपये, टेम्पोचे १,८००. एका खांबात जुने खिळे आहेत, ते सगळे उपटून मगच करवत लावायची असं काकांनी बजावलं.

४ मे

सेंटरिंगवाल्याकडून सहा लोखंडी प्रॉप (उंची कमी-जास्त करता येणारे टेकू) भाड्याने आणले, नगामागे दिवसाला ८ रुपये. शेजारच्या आप्पांच्या ट्रकचा १० टनी बॉटल जॅक मिळाला.

वजनाचा अंदाज आधी काढला होता. छपराचा हा भाग साधारण २० चौरस मीटर, चौरस मीटरला १५ च्या आसपास कौलं, एक कौल अडीच किलो धरलं तर ७५० किलो. वासे-रिपांचे आणखी चार-पाचशे. यातलं निम्मं मागच्या भिंतीवर जातं. म्हणजे पाच खांबांवर मिळून जेमतेम सहाशे किलो, कौलं भिजली की थोडं जास्त. दहा टनांचा जॅक म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. त्यामुळे मी निर्धास्त होते, आणि तिथेच फसले. जॅकची ताकद पुरेशी होती, त्याच्या पायाखालची जमीन नव्हती. प्रॉप आणि जॅक सरळ पेव्हर ब्लॉकवर ठेवले. चार हिसके मारले तर तुळई हलली नाही, ब्लॉकच दीड इंच खाली गेला आणि जॅक तिरका झाला. सुतारकाकांनी हात धरून मला मागे ओढलं. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळपर्यंत त्या जागांचे ब्लॉक उपटले, ग्रीट काढून मूळ मुरूम लागेपर्यंत उकरलं, प्रत्येक जागी दोन चिरे शेजारी शेजारी आणि त्यावर दोन इंची फळी आडवी. तुळईच्या बाजूलाही प्रॉपचं लोखंडी डोकं थेट लागू नये म्हणून दोन-दोन फुटांचे ऐनाचे तुकडे घातले. नाहीतर जुन्या तुळईत खड्डा पडतो.

५ मे

पहिलं उचलणं. काकांचा नियम: दिवसाला दोन सूत, त्याच्या वर नाही. "बाय, हे घर इतकी वर्षं खाली बसत आलंय. त्याला एका दिवसात उभं केलंस तर कुठेतरी मोडेल."

आधी पुढच्या चार ओळींची कौलं उतरवून ओझं कमी केलं. ११० कौलं निघाली, त्यातली १७ हाताळताना फुटली. शेजारच्या मुलाने एका कौलावरचा आकडा दाखवून विचारलं, घर १८६५ सालचं आहे का? कौलावर बासेल मिशनचं नाव आणि ते साल उठवलेलं आहे. मंगळूरचा त्यांचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला, ते साल कारखान्याचं. घर माझ्या आजोबांनी बांधलं. ही कौलं मात्र फुटली नाहीत तर माझ्या नातवंडांनाही पुरतील, तेव्हा उतरवताना दोन माणसं लावा. एकाने काढायची आणि दुसऱ्याने झेलायची.

६ मे

सकाळी येऊन पाहते तर काल चढवलेल्या दोन सुतांतलं एक सूत परत खाली. बॉटल जॅक तेलावर चालतो, वजन ठेवून रात्रभर सोडला की हळूहळू उतरतो. म्हणजे जॅक फक्त उचलण्यापुरता. उचललं की लगेच प्रॉपचा आटा फिरवून वजन प्रॉपवर घ्यायचं, बाजूने लाकडी पाचरी ठोकायच्या आणि जॅक मोकळा करायचा. आज तसं केलं. कालचं एक आणि आजची दोन.

७ मे

मतदान. गडी नाही, सुतार नाही. आईला घेऊन मतदान करून आले. दुपारी पाचरी तपासल्या, जागच्या जागी.

८ मे

वायर विसरले होते. रस्त्याच्या विजेच्या खांबावरून घरात येणारी वायर पहिल्या खांबाजवळच्या वाशाला हुकने बांधलेली आहे. तुळई वर जाईल तशी ती ताणत गेली. तिचं चिनी मातीचं अडकण तिरकं झालेलं आईने पाहिलं, मी नाही. लाइनमनला बोलावून पुरवठा बंद करून वायरला ढील देईपर्यंत दुपारचे चार वाजले. छप्पर उचलण्याच्या आधी त्याला काय काय बांधलेलं आहे ते फिरून पाहा: वायर, केबल, पावसाळी पन्हळ, कपड्यांची दोरी.

लोखंडी बूट आज आले. काकांनी उलटून पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणाले, ही तर वाटी आहे, यात पाणी साठणार. आणि खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती टिकतं ते गावातल्या प्रत्येक खिडकीच्या गजाला विचार. बरोबरच होतं. सिमेंटची गोट काढून मी लोखंडाची गोट बसवायला निघाले होते. १,४०० रुपये गेले.

१० मे, अक्षय तृतीया

दुसऱ्या खांबाचा नवा तळखडा आज बसवायचा अशी काकांची इच्छा. आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. जुन्या दगडाला मधोमध चीर होती म्हणून नवा घेतला, आणि तिसऱ्यासाठी चौदा इंच उंच दगड वेगळा घडवून घेतला. दोन्ही मिळून २,४००.

तिसऱ्या खांबाबद्दल काका आणि गवंडी यांच्यात दोन दिवस वाद चालला होता. काकांचं म्हणणं, कुजलेला भाग कापून खाली नवं लाकूड तिरक्या सांध्याने जोडू, खांब लाकडाचाच राहील. गवंड्याचं म्हणणं, तेवढ्या उंचीचा दगडच द्या. मी दगडाच्या बाजूने गेले. झडीचं पाणी पहिल्या फुटापर्यंतच जास्त येतं. तिथे लाकूड नसलंच तर कुजणार काय? शिवाय सांधा हीच पाणी शिरायची नवी जागा.

नव्या दगडांत खळगा कोरला नाही. वरचा माथा बाहेरच्या बाजूला थोडा उतरता ठेवला आणि मध्ये १६ मिलीमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई एपॉक्सीने रोवली, चार इंच वर काढून. सळई खांबाच्या तळातल्या भोकात जाईल आणि खांब बाजूला सरकणार नाही. काळ्या दगडात भोक पाडायला अर्धा दिवस आणि दोन ड्रिल बिट लागले. स्टील ३१६ प्रतीचं घेतलं, समुद्राजवळ ३०४ ला डाग पडतात असा शाळेच्या गेटचा अनुभव आहे. तळखडा चुन्यात पक्का बसवला. सगळे समाधानाने जेवायला गेलो.

११ ते १५ मे

रोज दोन सूत. १५ ला तिसऱ्या खांबाजवळ एकूण १८. रोज त्याच वेळी, सकाळी सातला, दोरीपासून मोजायचं. दुपारी उन्हाने दोरी सैल पडते आणि आकडा फसवतो.

१६ मे

संध्याकाळी पाचला वळीव. वारा आधी आला. कौलं काढलेली जागा उघडी आणि ताडपत्री घडी घालून गोठ्यात. मी आणि आईने ओढून पसरवली तोपर्यंत वीस मिनिटं पाऊस आत पडत होता. पाचव्या खांबाजवळ जोत्याच्या चिऱ्यांत भरलेला ताजा चुना वाहून अंगणात पांढरा ओघळ गेला. नवे खांब भिजले. दोन दिवस काम थांबलं. मे महिन्यात कौलं काढलीत तर ताडपत्री रोज संध्याकाळी बांधूनच घरात जा, आभाळ कितीही निरभ्र असो.

१८ मे

सकाळी एक सूत चढवलं आणि आत ओटीवर खुट् असा आवाज झाला. मागच्या भिंतीवरच्या पाटाजवळ (वासे टेकतात त्या आडव्या लाकडाजवळ) वाशांचे जुने खिळे ओढ घेत होते आणि ओटीच्या दाराच्या वर गिलाव्यात केसाएवढी भेग गेली. पुढची बाजू उचलली की वाशांचा उतार बदलतो, त्याचा ताण मागच्या टोकाला येतो. १९ सुतांवर थांबलो. तीन सूत राहिले, ते राहू दिले. इतक्या वर्षांत वासे त्या उताराला सरावले आहेत. दोरी सरळ दिसावी म्हणून भिंत फोडून घेण्यात मला अर्थ वाटला नाही.

मग दुसरा खांब उभा करायला घेतला आणि सगळ्यात मोठी चूक समोर आली.

खांबाच्या डोक्याला दोन इंची कुसू आहे, ते तुळईच्या भोकात खालून वर जातं. खांबाच्या तळाला भोक आहे, त्यात सळई खालून वर येते, चार इंच. खांब तिरका करून वरचं कुसू भोकात घातलं तर तळ सळईवर अडतो. तळ सळईवर घालायला खांब चार इंच वर उचलावा तर वर तुळई आहे. खांब ना वरून बसतो ना खालून. पाच माणसं तो खांब धरून उभी, आणि मला कागदावर काढलेलं ते चित्र आठवत होतं ज्यात सगळं छान बसलेलं होतं. चित्रात खांब आधीच जागेवर होता, तो तिथे जाणार कसा हे मी काढलंच नव्हतं.

तुळई आणखी चार इंच उचलायचा प्रश्नच नव्हता. काकांनी बिडी शिलगावून बराच वेळ दगडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दगड काढ. आमचे वडील तळखडा शेवटी चढवायचे." म्हणजे असं: आधी खांबाचं कुसू वर तुळईत घालून खांब प्रॉपला बांधून लोंबता ठेवायचा. दगड खड्ड्यात दीड-दोन इंच खाली उतरवून खांबाखाली सरकवायचा. मग दोन बाजूंनी पहारी घालून दगड वर चढवायचा आणि खालची जागा चिपांनी ठासून भरायची.

अक्षय तृतीयेला नारळ फोडून बसवलेला दगड उपटावा लागला. काकांना ते लागलं, दिसत होतं. आईनेच समजूत काढली, दगड तोच आहे, फक्त पुन्हा बसतोय.

१९ आणि २० मे

दोन्ही दगडांच्या सळया ग्राइंडरने कापून दीड इंच ठेवल्या. तिसऱ्या खांबाचं कुसू तुळईत होतंच, तेव्हा तो जागेवरच बांधून खालून चौदा इंचांवर कापला. कापलेल्या ठिकाणी लाकूड पिवळसर तपकिरी, घट्ट. कुजका भाग आणखी वर गेला असेल ही भीती मनात होती, ती गेली.

चौदा इंची दगडाचं वजन नव्वद किलोच्या आसपास. फळीवर साबणाचं पाणी टाकून सरकवला. पहारीने चढवताना एक माणूस नुसता सळईकडे बघायला बसवा, बाकीचे जोर लावत असतात, त्यांना दिसत नाही. खाली काळ्या दगडाच्या चिपा कोरड्याच ठासल्या, हातोडीने खणखण आवाज येईपर्यंत. मग वरून एकास तीन चुना-वाळू, त्यात मूठभर सिमेंट. नुसता चुना वापरायची इच्छा होती, पण तो दमट हवेत सावकाश धरतो आणि मृग तीन आठवड्यांवर आला होता.

दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पातळ पत्रा घातला, ओल वर चढू नये म्हणून. कडेने वळवून वाटी करू नका, कापून टाका.

२३ मे

वाळवीचं औषध. दुकानदाराने क्लोरपायरीफॉस दिलं होतं, एक लिटरला एकोणीस लिटर पाणी. मातीत ओतायचं म्हणाला. पडवीपासून विहीर पंधरा फुटांवर आहे, आई तेच पाणी पिते. परत केलं. त्याऐवजी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून खांबांना वरून खालपर्यंत तीन हात दिले, ६४० रुपयांत झालं. हे पाण्याने धुतलं जातं, म्हणून वाळल्यावर त्यावर काजूच्या टरफलांचं तेल. होड्यांना लावतात तेच.

हे तेल कातडी जाळतं. मला माहीत होतं, हातमोजे घातले होते, पण मनगट उघडं राहिलं. तिसऱ्या दिवशी फोड आले. लांब बाह्या घाला आणि लावायच्या आधी उघड्या अंगाला खोबरेल चोळा.

२५ मे

तिसऱ्या खांबाच्या हस्तावर तुळईच्या दोन तुकड्यांची टोकं थोडी फाकली होती. जुन्या तुळईच्या तुकड्यातून तीन फुटी फळ्या काढून दोन्ही अंगांनी लावल्या आणि १२ मिलीमीटरचे स्टीलचे चार बोल्ट आरपार. साधे लोखंडी बोल्ट स्वस्त होते, पण ऐन-किंजळीत लोखंड घातलं की लाकूड त्याभोवती काळं पडतं आणि लोखंडही झिजतं. सगळे बोल्ट आणि सळई मिळून २,३५०.

२८ मे ते २ जून

ज्या कारणाने हे सगळं झालं ते आता काढलं. पागोळीखालची तीन फूट रुंद पट्टी, २४ फूट लांब, तिथले सगळे पेव्हर ब्लॉक उचलले. नऊ इंच खोल चर, गोठ्याच्या बाजूला उतार, तिथून माडांच्या आळ्यांत पाणी. चरात मोठी खडी. पाणी खडीत पडतं, उडत नाही. बाकीचं अंगण तसंच ठेवलं, आईला चालायला सोपं पडतं.

जुन्या तीन तळखड्यांच्या खाचा गवंड्याने छिन्नीने साफ केल्या. त्यातली पहिली मी स्वतः केली, दोन तास लागले. तांब्याभर पाणी खळग्याच्या कडेला ओतलं आणि ते खाचेतून बाहेर आलं.

फरशी आणि खांब यांच्यात सगळीकडे दोन बोटं जागा सोडली. तिथे आता कचरा अडकेल, आई झाडूच्या हिराने काढेल म्हणते.

५ जून

प्रॉप सोडले. एका वेळी अर्धा आटा, आळीपाळीने, सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत. तुळई तिसऱ्याजवळ एक सूत खाली बसली आणि थांबली. म्हणजे २२ पैकी १८ सूत परत मिळाले. कौलं चढवली, ४० जुनी बदली कौलं तीस रुपयांप्रमाणे घ्यावी लागली. नव्या कारखान्याच्या कौलांची खाच जुन्यांत बसत नाही, एक आणून बसवून बघा, मगच बाकीची घ्या.

खर्च: लाकूड आणि टेम्पो ११,३००. प्रॉप ३२ दिवस, १,५३६. सुतार नऊ दिवस ९,०००, गडी चौदा रोज ९,८००, गवंडी पाच दिवस ४,५००. दगड २,४००. चिरे, चुना, वाळू, शिसं ३,१००. स्टील २,३५०. कौलं १,२००. औषध ६४०. खडी १,२००. वाया गेलेले बूट १,४००. एकूण ४८,४२६. मी २५,००० धरले होते. काम पंधरा दिवसांचं धरलं होतं, महिना गेला. त्यातले वाया गेलेले सहा दिवस माझ्या चुकांचे, दोन पावसाचे.

८ जून

रात्रभर पाऊस. पहाटे पाचला बॅटरी घेऊन पडवीत गेले. वारा समुद्रावरून, पाणी तिरकं येत होतं. खांबांचे पाय ओले, पण दगडांच्या माथ्यावर पाणी थांबत नव्हतं, बाहेरच्या कडेने थेंब थेंब गळत होतं. जुन्या पहिल्या खांबाच्या खाचेतून करंगळीएवढी धार. तिच्यासमोर बराच वेळ बसले. आजोबांच्या सुताराने की गवंड्याने, कुणी कोरली ती खाच ते आईलाही माहीत नाही.

फरशी पुढून फूटभर अजूनही ओली होते, झडीने. पुढच्या वर्षीपासून नारळाच्या झावळ्यांची झापं विणून पूर्वीसारखी बाहेरून बांधायची असं ठरलं.

१४ जून

उद्या शाळा. सकाळी सातला दोरी मोजली: दुसरा, तिसरा जागेवर, सूतभरही फरक नाही. झोपाळा पडवीत परत टांगला नाही. ओटीच्या जाड तुळईला लावला, आईला दारातून अंगण दिसेल असा.

चौथा खांब राहिला आहे. गोट फोडली तेव्हा वरून चांगला वाटला, पण परवा मागच्या अंगाने पटाशी टोचली तर इंचभर मऊ लागलं. पावसात आता काही करता येत नाही. खाच मोकळी केली आहे, तेल दिलं आहे, एक प्रॉप विकत घेऊन शेजारी उभा ठेवला आहे. ऑक्टोबरच्या सुट्टीत तो उघडायचा. दुसरा किंजळीचा खांब गोठ्यात माळ्यावर जपून ठेवलाय, चौदा इंची दगड मात्र आत्ताच सांगून ठेवायला हवा, सळई दीड इंचच.